दम खाणारा पक्षी

४ मार्च, मंगळवार

टिटवे,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर मला बंद करून ठेवलंयस, म्हणून पोस्टाची पायरी चढावी लागली. हे पत्र समेटाचं नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पाकीट फोडताना भलती आशा नको.

विचारायचं एवढंच: काल आपल्या पक्षीमंडळाच्या ग्रुपवर आलेला तो निरोप तू टाकलास का?

'पाणीपुरवठ्याच्या तळ्यावर, पूर्वेच्या काठावरून, दिवे लागायच्या जरा आधी ठिपक्यांची फटाकडी ऐकली. दिसली नाही.' खाली नाव नाही, नंबर नवा. सगळे नाचायला लागले. कॅशियरसाहेबांनी तर एवढे अंगठे पाठवले की माझा फोन गरम झाला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. 'दिवे लागायच्या जरा आधी' असं या शहरात कोण बोलतं ग? लोक सहा म्हणतात, साडेसहा म्हणतात. दिवे लागायच्या जरा आधी म्हणणारा एकच माणूस मला माहीत होता आणि त्यांच्या दोनच मुली आहेत. त्यांतली एक मी.

मंडळात दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी तपासायचं काम अजून माझ्याकडेच आहे. कोणी पाहिला, सोबत कोण होतं, फोटो कुठाय, पुरावा काय. माझ्यामागे मला फौजदार म्हणतात, तेही माहीत आहे. म्हणू देत. खोटं ओळखणं हा माझा धंदाच आहे. लॅबमध्ये दिवसभर दात घडवायचे, पेशंटच्या उरलेल्या दातांशी रंग जुळवत बसायचं. बसमध्ये समोरचा माणूस हसला की मी सांगते, वरचे पुढचे दोन त्याचे स्वतःचे नाहीत. तेव्हा मला फसवायचं असेल तर जरा नीट तयारी करून ये.

तू शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतेस. बाबा गेल्यापासून दोन वर्षांत त्या तळ्याकडे फिरकली नाहीस. मग आत्ताच कशी? तेही मार्चमध्ये, तेही याच पक्ष्यासाठी?

त्या संध्याकाळबद्दल पुन्हा लिहायचं नव्हतं, पण तूच वेळ आणलीस. मी लॅबमधून घरी आले तेव्हा बाबा गेलेले होते. खोलीत फक्त नर्सबाई. त्या म्हणाल्या, "धाकट्या ताई दुर्बीण घेऊन बाहेर गेल्यात." तू अंधार पडल्यावर उगवलीस, बुटांना चिखल. म्हणालीस, "बाबांनीच पाठवलं. फटाकडी आलीय म्हणाले, बघून ये." ज्या माणसाला सकाळी 'पाणी हवं' एवढे दोन शब्द बोलायला दम पुरत नव्हता, त्यानं तुला एवढं सगळं सांगितलं? मी पुरावा मागितला. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आहे. पण तुला नाही देणार." तो पुरावा मी अजून पाहिलेला नाही. नसलेली वस्तूच माणूस अशी जपून ठेवतो.

आता मला तुझा बेत दिसतोय तो असा. मी ही नोंद मान्य करायची आणि मग तू चारचौघांत सांगणार की ती बनावट होती. म्हणजे ताईला खरं-खोटं कळत नाही, हे सिद्ध. म्हणजे त्या संध्याकाळी तुझ्याबद्दल मी जे ठरवलं तेही खोटं. बरोबर ना?

ता. क. सोमवारी कामावरून सुटल्यावर मी स्वतः तळ्यावर होते, पश्चिमेच्या काठावर, दिवे लागेपर्यंत. मला कुठलीही फटाकडी ऐकू आली नाही.

ताई


७ मार्च, शुक्रवार

टिटवे,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहिते, कारण काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळायचं नाही.

काल कामानंतर आम्ही तिघं तळ्यावर गेलो. मी, कॅशियरसाहेब आणि गणिताच्या बाई. कॅशियरसाहेबांनी बँकेचा टायसुद्धा काढला नव्हता. त्यांच्या बायकोला अजून पटत नाही की फटाकडी हा पक्षी आहे, म्हणून त्यांनी निघताना घरी त्याचं चित्र पाठवलं, तर तिकडून प्रश्न आला, "एवढ्याशा कोंबडीसाठी?" बाई आम्हाला हसत होत्या. मी हसले नाही. माझ्या नखांत लॅबचं प्लास्टर तसंच होतं, घरी जाऊन हात धुवायचीही मी सवड काढली नव्हती. यावरून काय ते समज.

तळं तसंच आहे. पाणी तेवढं उतरलंय, त्यामुळे पाणकणसांच्या बुडाशी चिखलाची पट्टी उघडी पडलीय. फटाकडीला हवी तशी. बाबा म्हणायचे ना, ती घराबाहेर न पडणाऱ्या सुनेसारखी, पडद्याच्या कडेकडेनं चालते आणि जरा खुट्ट झालं की आत.

पश्चिमेच्या बाकावर बसलो. पंपघराच्या खिडकीत अजून दिवा लागला नव्हता. आणि पलीकडून शिट्टी आली. हुईट्. हुईट्. हुईट्. वेताची छडी हवेत फिरवावी तशी. कॅशियरसाहेबांनी माझा दंड एवढा जोरात धरला की वळ उठला. बाईंच्या डोळ्यांत पाणी. आणि माझ्या... असो.

पण ऐक. सात-आठ वेळा वाजली आणि थांबली. पुन्हा पाच-सहा, पुन्हा थांबली. अगदी शेवटी तर एकेक शिट्टी ओढून आणल्यासारखी. फटाकडी अशी गात नाही. ती एकदा सुरू झाली की घड्याळासारखी, कंटाळा ऐकणाऱ्याला येतो, तिला नाही. ही मध्येच थांबत होती. मी म्हटलं, "हा पक्षी दम खातोय. पक्षी कधी दम खातो का?"

"ताई, लांबून आलाय बिचारा, दमला असेल," कॅशियरसाहेब म्हणाले.

मी जरा पाय मोकळे करायला म्हणून काठाकाठानं पुढं गेले. तेवढ्यात आमच्या बाजूलाही आवाज झाला, पाणकणसांतून, चांगला एकसारखा, न थांबता. परत आले तर दोघं आनंदानं वेडे व्हायचे बाकी होते. "दोन आहेत, ताई, दोन! एक इकडे, एक तिकडे, आणि बोलतायत एकमेकांशी!" माझ्या पिशवीची चेन उघडी राहिली होती ती लावली.

नोंद मी अजून मान्य केलेली नाही. कॅशियरसाहेब रागावलेत. म्हणाले, "तुम्ही उद्या स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागाल."

निघताना पलीकडच्या काठावर एक माणूस उठताना दिसला. डोक्यावर टोपी. बाबांच्या त्या खाकी टोपीसारखी, जी घरातून नाहीशी झाली आणि जिच्याबद्दल तू म्हणाली होतीस, मला माहीत नाही. ती शिट्टी तूच वाजवत होतीस ना?

ताई


११ मार्च, मंगळवार

टिटवे,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी चार ओळी, तेवढ्यांतही रागाची शाई पलीकडे उमटलीय. कार्ड लॅबच्या टेबलावर मेणाच्या साच्यांना टेकवून ठेवलंय. मालक म्हणाले, "कुणाचं?" मी म्हटलं, "एका संशयिताचं."

तू लिहितेस: 'हो, मीच टाकला निरोप. शिट्टी मी वाजवत नाही. मला शिट्टी येत नाही हे तुला माहीत आहे. पक्षी खरा आहे. तो मला रोज उत्तर देतो.'

शिट्टी येत नाही हे खरं. बाबांनी आपल्या दोघींना गच्चीत उभं करून शिकवली होती. मला आली, तुझ्या तोंडून नुसता वारा निघायचा आणि तू चिडून टिटवीसारखी ओरडायचीस, तेव्हापासून तुझं हे नाव. मी एका पायावर उभी राहून संशयानं बघत असायची म्हणून मी ढोकरी, काठावरची भुरी बगळी. तेव्हा शिट्टीचा आरोप मागे घेते.

पण 'उत्तर देतो' म्हणजे काय? उत्तर प्रश्नालाच देतात. म्हणजे तू काहीतरी वाजवतेस. सापडलीस! तळ्यावर पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवायचे नाहीत, असा फलक तिथं पंपघराच्या भिंतीवर आहे, आणि त्याचा मजकूर कोणी लिहिला हे तुला चांगलं ठाऊक आहे. लांबून थकून आलेल्या पक्ष्याला खोट्या जोडीदाराच्या मागे पळवायचं, त्याची खाण्याची वेळ वाया घालवायची, यासारखा दुष्टपणा नाही. हे बाबांचेच शब्द.

आता तू म्हणशील, ताई, तुझी पिशवी उघड. तर ऐक. तपासणीसाठी आवाज वाजवणं निराळं आणि मजेसाठी वाजवणं निराळं. तपासणाऱ्याला काही गोष्टी कराव्या लागतात. फार नाही वाजवला. सोमवारी थोडा, गुरुवारी थोडा, आणि नंतर रोज थोडा. कुणाला सांगू नकोस. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं तू म्हणणारच आहेस, तर मीच म्हणून टाकलं.

मुद्द्यावर येते. तू कुठला आवाज वाजवतेस? बाजारात मिळतात ते सगळे मला पाठ आहेत. त्यांतला एकही दम खात नाही. हा कुणी मुद्दाम बनवलाय. कुणी बनवून दिला? आणि का? मला लागेल असा बनवलाय का? कारण खरं सांगू, लागतो. ती शिट्टी थांबली की माझाही श्वास थांबतो आणि पुन्हा सुरू होईपर्यंत मी खोळंबून राहते. दोन रात्री झोप नाही. काल एका पेशंटच्या सुळ्याचा रंग चुकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी दात उचलून उजेडाकडे धरला आणि परत माझ्यापुढे ठेवला. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

उद्या-परवा मी पश्चिमेच्या काठावर येणार नाही. मधल्या बांधानं येणार. तिथून तू पंचवीस-तीस पावलांवर असशील. लपून येणार, तेव्हा हे पत्र आधी मिळालं तरी उपयोग नाही. खोटा दात जवळून बघितला की लपत नाही.

आणि टोपीचं उत्तर तू दिलेलं नाहीस.

ताई


१४ मार्च, शुक्रवार

टिटवे,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. बस कुठेतरी.

काल कामावरून सुटले आणि सरळ बांधावर गेले. पिशवी घरीच ठेवली होती. बांधावर गवत वाढलंय, त्यात गुडघ्यांवर चालत गेले, या वयात, लॅबच्या कपड्यांत. तू दिसलीस. बाबांचीच टोपी होती. तू बारीक झालीस ग. स्वेटरची बाही फाटलीय कोपरावर, ती शिवून घे.

तू मांडीवरचा तो छोटा स्पीकर चालू केलास. हुईट्, हुईट्. पलीकडून फक्त टोक ऐकू येतं. जवळून सगळं ऐकू आलं. शिट्टीच्या आधी ओठ ओले केल्याचा आवाज. शिट्टीच्या मागे पंखा फिरतोय, तो घरचा, ज्याचं पातं एकदा खटकायचं. मला अजून कळलं नव्हतं. एवढी मोठी तपासनीस मी, पंखा ओळखला आणि माणूस ओळखला नाही. मग शिट्टी थांबली, धाप लागली, आणि बाबा बोलले.

तुला पाठ असेल. तरी लिहिते, कारण मी ऐकलं हे तुला कळायला हवं.

"अशी असते. एकसारखी. मला मध्ये दम खावा लागतो, तिला लागत नाही. एवढाच फरक."

मग तू. "बाबा, मी ताई येईपर्यंत थांबते."

"नको. अंधार पडेल तोवर. दिवे लागायच्या जरा आधी पोच. मला येऊन सांग."

"ताई ओरडेल."

मग ते हसले आणि हसता हसता खोकले. "ओरडू दे. ताईला मी सांगतो."

आणि पंख्याचं खटकणं, आणि संपलं.

तू पुन्हा पहिल्यापासून लावलंस. पलीकडून इतके दिवस शिट्टीच ऐकू येत होती, बोलणं पाण्यावरून पोचत नव्हतं. तू रोज शेवटपर्यंत ऐकत असणार. मी तिथंच गवतात बसले आणि रडले. तोंडावर हात दाबून. बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते, तुझ्यावर ओरडण्यात गुंतले होते. काल त्यांचं आणि तुझं, दोन्हीचं रडणं एकदम झालं. हाक मारायची होती. टिटवे म्हणून तोंडापर्यंत आली आणि मला वाटलं, कुठल्या तोंडानं मारू? तेवढ्यात पंपघराचा दिवा लागला आणि तू उठून गेलीस.

तू हे मला त्या दिवशीच ऐकवलं असतंस तर, असं रात्रभर म्हणत होते. सकाळी उमगलं. तू म्हणाली होतीस, 'बाबांनीच पाठवलं.' बहिणीला ते पुरायला हवं होतं. मी तुझ्याकडे मागितलं ते मंडळात नवख्या माणसाकडे मागतात तसं. तुझ्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही सांगायला जास्त अवघड आहे. दोन वेळा पत्र फाडलं ते यामुळेच. न सांगता भागलं असतं. तू आनंदात राहिली असतीस, मी नोंद मान्य केली असती, कॅशियरसाहेबांनी पेढे वाटले असते. पण आपल्या दोघींमध्ये आता आणखी एक खोटं नको.

गेल्या आठवड्यात सोमवारी पूर्वेच्या काठावरून तू पहिल्यांदा ऐकलीस, ती फटाकडी माझ्या पिशवीत होती. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली म्हणून मी गेले होते, आणि माझा स्वतःचा नियम मोडून स्पीकर लावला होता, एखादी तरी बोलेल म्हणून. तू ती ऐकलीस आणि ग्रुपवर टाकलंस. मी ते वाचून तुझ्यावर संशय घेत बसले. मग तू बाबांची शिट्टी घेऊन आलीस, पक्ष्याला बोलवायला. मी ती ऐकून खरं-खोटं बघायला माझा स्पीकर लावला. तू समजलीस, पक्ष्यानं उत्तर दिलं. काखेत कळसा आणि मी सगळ्या तळ्याला वळसा घालून तुला चोर ठरवत होते. तुला रोज उत्तर देणारी मीच होते, टिटवे. तिथं पक्षी नाही. मला माफ कर. एवढं वाईट मला माझ्या चुकीचंही वाटलं नाही जेवढं हे लिहिताना वाटतंय.

नोंद आज नामंजूर केली. ग्रुपवर लिहिलं की दोन्ही आवाज स्पीकरचे होते, त्यांतला एक माझा. फलक लिहिणारीनंच नियम मोडला हे वाचून गणिताच्या बाईंनी नुसता डोक्याला हात लावलेला चेहरा पाठवला. कॅशियरसाहेबांचं उत्तर नाही. येईल. तपासनिसाचं काम त्यांच्याकडे दिलंय. दुसरा स्पीकर कुणाचा, हे त्यांनी विचारलं तर सांगणार, घरचाच.

सोमवारी कामावरून सुटल्यावर मी बांधावर येईन. तूही ये. पक्ष्याला काही वाजवायचं नाही, नुसतं बसायचं. पण ते रेकॉर्डिंग घेऊन ये. मला ते शेवटचं वाक्य नीट, जवळून ऐकायचंय. 'ताईला मी सांगतो' म्हणाले होते. त्यांनी काल सांगितलं.

आणि एक. नोंद घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी आधी जे विचारते ते तुलाच विचारायचं राहिलं. त्या संध्याकाळी तू चिखलानं भरलेले बूट घेऊन दारात उभी होतीस, बाबांना येऊन सांगायला म्हणून धावत आली होतीस, आणि सांगायला बाबा नव्हते. मी तर विचारलंच नाही.

दिसली होती का ग?

तुझी,
ढोकरी